चौदाव्या कुटुंबाचा रकाना

सिग्नल हिरवा झाला तेव्हा तो फुटपाथवरून एक पाय खाली टाकून उभा होता आणि फोनवर ताई विचारत होती, "पगार वाढला तर वाईट का रे?" मागून कुणाची तरी पिशवी त्याच्या पाठीत लागली, कुणीतरी "चला हो" म्हणालं, माणसं दोन्ही बाजूंनी त्याला वळसा घालून पलीकडे गेली, तरी तो तिथेच. वाईट कसा असेल, असं त्याला म्हणायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण उत्तर दाताशी येऊन अडलं. ताई पुढे सांगत होती. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी जिथे धुतल्या जातात त्या लॉन्ड्रीत ती अठ्ठावीस वर्षं घड्या घालत होती, आणि काल मॅनेजरने तिला बोलावून सुपरवायझर होतेस का म्हणून विचारलं होतं. दुपारी बारा ते रात्री नऊ. आज पाचपर्यंत हो-नाही कळवायचं, नाहीतर शेजारच्या टेबलावरच्या बाईला विचारणार. "तू त्याच खात्यात आहेस म्हणून म्हटलं," ताई म्हणाली, "नाहीतर मी कशाला तुझं डोकं खाऊ? यांच्यासाठी येणारी बाई बंद होईल म्हणतात, खरं का? पंडित, ऐकतोयस ना?" लहानपणी तो फार पुस्तकं वाचायचा म्हणून ती त्याला पंडित म्हणे, आणि आता पन्नाशी आली तरी म्हणे. "बघून सांगतो," तो म्हणाला. सिग्नल लाल झाला, पुन्हा हिरवा झाला, पुन्हा लाल. मंत्र्यांनी आडवेतिडवे प्रश्न विचारले तरी न गडबडणारा माणूस चादरींच्या घड्या घालणाऱ्या एका बाईच्या प्रश्नापुढे रस्ता ओलांडायचा विसरला होता. चौथ्या हिरव्याला तो पलीकडे पोचला, आणि पोचल्यावर त्याला आठवलं की ऑफिस अलीकडच्या बाजूला आहे.

खात्यात त्याला पाठीमागे 'उतारवाले' म्हणत. तोंडावर सर म्हणत, पण पाठीमागचं नावच जास्त आदराचं होतं असं त्याला वाटायचं. कारण उतार त्याचाच. त्याच्या आधी कमी मिळकतीच्या घरांना सरकार जी मदत देई तिला कडा होता. ठरलेल्या रेषेच्या आत आहात तोवर पूर्ण मदत, रेषेपलीकडे एक नाणं गेलं की सगळी बंद. माणसं रेषेच्या अलीकडे पाय रोवून उभी राहायची, जास्त काम नको म्हणायची, आणि वर्तमानपत्रं त्यांना आळशी म्हणायची. त्याने अकरा वर्षं घासून कड्याचा उतार केला. दहा जास्त मिळवलेत तर मदतीतले चार कमी होतील, सहा तुमचे राहतील. काम करणाऱ्याला कामाचं फळ मिळालं पाहिजे आणि पडणाऱ्याला हात मिळाला पाहिजे, हे वाक्य त्याने इतक्या सभांतून म्हटलं होतं की आता ते म्हणताना तो दुसराच काही विचार करू शकायचा. आजही जिना चढताना ते वाक्य तोंडात आपोआप आलं आणि आतला माणूस मात्र ताईचा हिशेब करत होता. भावोजींना झटका येऊन तीन वर्षं झाली. उजवी बाजू गेलेली. दिवसभर त्यांच्याजवळ बसायला जी बाई येते तिचे पैसे दुसरं खातं देतं, आणि त्या दुसऱ्या खात्याला उतार नाही. तिथे अजून कडाच आहे. सुपरवायझर झाली की ताई त्या कड्यावरून खाली. मग बाईचे पैसे स्वतः भरायचे. वाढलेल्या पगारातले उतारावरून उरलेले सहा दुपारी बारा ते सहाच्या बाईला जातील, वर पदरचे थोडे घालावे लागतील, आणि बाई सहाला जाते, म्हणजे सहा ते नऊ भावोजींजवळ कुणी नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. अठ्ठावीस वर्षांनी बढती, आणि हातात आजच्यापेक्षा कमी. ही गोष्ट त्याला माहीत नव्हती असं नाही. दोन खात्यांचे नियम एकमेकांना असे आडवे येतात हे त्यानेच सहा वर्षांपूर्वी एका टिपणात लिहिलं होतं, आणि ते टिपण 'विचाराधीन' असा शेरा घेऊन कुठल्यातरी कपाटात पडलं होतं. पण टिपणातल्या त्या माणसाला ताईचा आवाज नव्हता.

सरळ उपाय होता. भाऊ होता, भावाला पगार होता, घरी तो आणि एक रेडिओ एवढीच माणसं. दर महिन्याला त्याने ताईला त्या बाईचे पैसे द्यावेत, संपला प्रश्न. पण नियम सतरा. नातलगांकडून नियमित मिळणारी मदत, रोख असो वा वस्तू, उत्पन्नात धरावी. त्याने जे द्यावं ते एका दाराने आत येणार आणि त्यातलं बरंचसं दुसऱ्या दाराने जाणार. आणि नियम सतरा लिहिला कुणी? टेबलाशी येऊन बसल्यावर त्याने खुर्ची पुढे ओढली, मागे सारली, पुन्हा पुढे ओढली. त्या वेळी कारण होतं. ज्यांच्या पाठीशी कमावती माणसं आहेत त्यांनी आणि ज्यांना कुणीच नाही त्यांनी एकाच ओळीत उभं राहावं हे अन्यायाचं होतं, असं त्याने मांडलं, सगळ्यांना पटलं, त्यालाही पटलं. ते खोटं नव्हतं. पण नियम लागू झाला त्या महिन्यात त्याने ताईकडे जाऊन सांगितलं होतं, "आता मी पाठवलं तर तुझंच नुकसान होईल. नियमच आहे." ताई "बरं" म्हणाली होती. तिने पाणी दिलं, काहीतरी खायला दिलं, आणि दारापर्यंत सोडायला आली. जिना उतरताना त्याला कसं वाटलं होतं? हे त्याने इतकी वर्षं स्वतःला विचारलं नव्हतं. घट्ट बूट काढल्यावर वाटतं तसं वाटलं होतं. मोकळं. मग आपण नियम अन्याय दूर करायला लिहिला, की बूट काढायला? आधी नियम सुचला आणि मग सुटका वाटली, की आधी सुटका हवी होती? त्याला आठवेना. आठवायला गेलं की दोन्ही आठवणी सारख्याच खऱ्या वाटत, आणि आपल्याच घरात चोर पकडायला निघालेल्या माणसासारखं होई.

"सर, चौदावीचं काय करू?" हाताखालची नवी मुलगी टेबलाशी उभी होती. गणितात फार हुशार होती आणि दशांशाच्या तिसऱ्या स्थळावरून भांडायची, म्हणून तिला सगळे 'दशांश' म्हणत. त्याने दचकून वर पाहिलं.

"कुठली चौदावी?"

"कागदी कुटुंबांमधली. मंगळवारच्या बैठकीसाठी नवा उतार तपासतेय ना."

नियम बदलायचा झाला की खऱ्या माणसांवर सोडण्याआधी तो कागदी माणसांवर सोडून बघायची खात्याची पद्धत होती. तीस कुटुंबं होती. प्रत्येकाला क्रमांक, माणसं, मिळकत, भाडं, आजारपण, आणि चेष्टेत पडलेली नावं. तिसरं कुटुंब म्हणजे 'जोडपं आणि सायकल', नववं म्हणजे 'तीन मुली', बाविसावं 'रागीट आजोबा', कारण त्या आजोबांचा हिशेब कधीच जुळत नसे. एकेक कुटुंब म्हणजे बाहेरची लाखो घरं. मशीनमध्ये नवा उतार घालायचा आणि कोण जास्त काम करेल, कोण सोडून देईल, ते बघायचं. शेवटचा रकाना त्यासाठीच होता. 'जास्त काम मिळाल्यास स्वीकारण्याची शक्यता.' शून्य ते एक. ही कुटुंबं त्याने बारा वर्षांपूर्वी स्वतः तयार केली होती आणि त्याला ती शेजाऱ्यांपेक्षा जास्त ओळखीची होती.

"बाकीच्यांना पॉइंट चार, पॉइंट सहा असं आहे," दशांश म्हणाली. "हिला एकदम एक. पूर्ण एक. मी मागचे सगळे कागद काढले. सर्वेक्षण नाही, मुलाखती नाहीत, काही नाही. नुसता तुमच्या अक्षरात शेरा आहे."

"काय शेरा?"

"'नाही म्हणणार नाही.'" ती थोडी हसली. "कोण आहे सर ही?"

मध्यमवयीन स्त्री, लॉन्ड्रीत काम, घरात एक अवलंबून माणूस. भावोजी तेव्हा धडधाकट होते, अवलंबून माणूस म्हणून त्याने त्या वेळी आई धरली होती. "बसा," तो म्हणाला, आणि तिला बसायला सांगून स्वतःच उठला, खिडकीपाशी गेला, खिडकी उघडीच होती म्हणून ती लावली, आणि परत येऊन बसला. "हिचं एकऐवजी अर्धं केलं तर काय होतं?"

दशांशने ते आधीच करून पाहिलं होतं. अशी मुलगी करून पाहिल्याशिवाय राहते थोडीच. "सगळंच बदलतं, सर. देशात एकूण काम वाढेल असं आपण मसुद्यात लिहिलंय. हिचं अर्धं केलं की ते वाढत नाही. उलट थोडं घटतंच. सगळा डोलारा हिच्यावर उभा आहे."

नाही म्हणणार नाही. हे वाक्य त्याचं नव्हतंच. आईचं होतं. दोन खोल्यांचं घर, वडिलांची नोकरी गेलेली, स्वयंपाकघरात पिवळा दिवा. तो सोळा वर्षांचा, ताई एकोणीसची, कॉलेजचं एक वर्ष राहिलेलं. वडील म्हणाले होते, आता एकालाच शिकवता येईल. ते कुणाकडे बघून म्हणाले? भिंतीकडे बघून. ताई ताटं पुसत होती. तो पुस्तक उघडून बसला होता आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होता, मान वर केली तर काहीतरी बोलावं लागेल म्हणून. आई हळू आवाजात वडिलांना म्हणाली होती, "तिला कशाला विचारायचं? ती काही नाही म्हणणार नाही." ताईने ते ऐकलं होतं. ऐकलं असणारच, घर तेवढंच होतं. पण पुसून झालेलं ताट ती पुन्हा पुसायला लागली एवढंच त्याला आठवत होतं. सोमवारपासून ती कामाला गेली, आधी कुठल्याशा दुकानात, मग लग्नानंतर लॉन्ड्रीत. पहिल्या पगारातून तिने त्याला मान वाकवता येणारा टेबललॅम्प आणला. तो अजून त्याच्या घरी होता, त्याच्या उजेडात त्याने उताराचा पहिला आराखडा काढला होता. रविवारी घरच्या चादरी वाळल्या की ती त्याला हाक मारायची. "पंडित, धर ते टोक. ओढ. आता इकडे ये." आणि तो दरवेळी उलट्या बाजूला वळायचा, चादरीला पीळ पडायचा, आणि ती हसून हसून खाली बसायची. ती इतकी कशाला हसायची, त्याला तेव्हाही कळत नसे.

म्हणजे मूग गिळून बसलेल्या एका पोराने मोठेपणी आपल्या बहिणीच्या गप्प राहण्याला एक हा आकडा दिला, आणि त्या आकड्यावर लाखो घरांची मीठभाकर मोजली. असं म्हणता येईल का? की हा आपला नसता कढ? एक माणूस कुठल्यातरी माहितीवरूनच अंदाज बांधणार, आणि माहिती घरातलीच असणार. शिवाय ताई खरोखरच नाही म्हणत नसे. पण नाही न म्हणणं आणि हो म्हणणं यांच्यात जे काही असतं ते आपण कुठल्या रकान्यात टाकलं? त्याला डोकं जड वाटू लागलं. साडेतीन वाजले होते.

"तो रकाना रिकामा ठेवा," तो दशांशला म्हणाला.

"रिकामा ठेवला तर मशीन चालत नाही, सर. मी 'माहीत नाही' असंही लिहून पाहिलं. ते घेत नाही. आकडाच मागतं."

"मग नको चालू दे."

"पण मंगळवारी—"

"मंगळवारी सांगू, अंदाज येत नाही म्हणून." हे आपण खरंच मंगळवारी म्हणू का, याची त्याला बिलकूल खात्री नव्हती. दशांशने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं, तब्येत बरी नसलेल्या माणसाकडे पाहतात तसं, आणि कागद उचलून गेली. तो कुणाला न सांगता बाहेर पडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

लॉन्ड्री चार थांब्यांवर होती. बस सोडून तो चालत निघाला, कारण चालताना उत्तर सापडेल असं त्याला वाटलं. नाही म्हण, असं सांगावं का? नाही म्हटली तर बाई चालू राहील, भावोजींजवळ माणूस राहील, पैसे आहेत तेवढे राहतील, आणि ताई आणखी बारा वर्षं घड्या घालत राहील. हो म्हण, असं सांगावं, तर भावोजी संध्याकाळी एकटे. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही आपणच खणलेले. झटक्यानंतर भावोजींना एकच शब्द राहिला होता. उद्या. जेवलात का? "उद्या." पाय दुखतोय? "उद्या." मागच्या महिन्यात तो भेटायला गेला तेव्हा त्यांनी चांगल्या हाताने त्याचं मनगट धरलं होतं, चांगलं घट्ट, आणि डोळ्यांत पाणी आणून काहीतरी विचारल्यासारखं "उद्या? उद्या?" म्हणत राहिले होते. तो दहा मिनिटांत उठला. बैठक आहे म्हणाला. बैठक नव्हती. त्या माणसाची त्याला भीती वाटते हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आता भर रस्त्यात ते त्याने स्वतःला सांगितलं तेव्हा तो लाजेने थांबला आणि एका दुकानातल्या कुलपांकडे उगाच बघत राहिला.

लॉन्ड्रीत शिरल्यावर गरम, ओल्या कापडाचा वास अंगावर आला. लांबच्या लांब टेबलं, प्रत्येकाशी दोन-दोन बायका, चादरी वर उडत, मधोमध जुळत, पुन्हा जुळत. कुणीच बसलेलं नव्हतं. बसायला काही नव्हतंच. फक्त कोपऱ्यात काचेच्या लहानशा आडोशात एक टेबल होतं, टेबलावर वही, आणि टेबलामागे एक निळी प्लास्टिकची खुर्ची. ताईने त्याला पाहिलं आणि तिचे हात थांबले. "अगंबाई! काय झालं? हे बरे आहेत ना?"

"बरे आहेत. मी सांगायला आलो. म्हणजे विचारायला."

जोडीदारीण पाणी प्यायला गेली. ताई एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेऊन उभी राहिली. तिच्या घोट्यांना पट्ट्या बांधलेल्या होत्या. कधीपासून बांधते ही? त्याने हिशेब सांगायला सुरुवात केली. उतार, कडा, सहा, चार, दुसरं खातं. पाच मिनिटं बोलला. ती शांतपणे ऐकत होती, मध्येच एका उशीच्या अभ्र्याची घडी केली.

"ते सगळं ठीक," ती म्हणाली. "कमी किती होतील तेवढं सांग."

त्याने आकडा सांगितला.

"एवढेच?"

"एवढेच म्हणजे? ताई, बढती घेऊन कमी पैसे! कुणी शहाणं माणूस—"

"तुला कुणी सांगितलं मी पैशांसाठी घेतेय?" तिने हनुवटीने कोपऱ्याकडे दाखवलं. "ती खुर्ची बघ."

त्याने पाहिलं.

"सुपरवायझर बसते," ताई म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं मी उभी आहे रे. मला बसायचंय. बसून दुसऱ्यांच्या घड्या बघायच्या आहेत. वाकड्या असल्या तर वाकड्या म्हणायचं आहे. तेवढ्याचे किती पडतात, एवढंच तुला विचारत होते सकाळी."

तीस कुटुंबं होती त्याच्याकडे, आणि एकाही कुटुंबात खुर्ची नव्हती. तिने सकाळी पैशांचं विचारलं म्हणून त्याने पैसे ऐकले. त्याला रडू येईलसं वाटलं आणि त्याच वेळी तिचा रागही आला, एवढी साधी गोष्ट आयुष्यभर सांगितली नाही म्हणून. कुणी विचारलं होतं? "पण सहा ते नऊ?" तो म्हणाला. "भावोजी एकटे. मी पैसे दिले तर ते उत्पन्नात धरतात. वस्तू दिल्या तरी धरतात."

"आणि माणूस दिला तर?"

"माणूस?"

"कुणी नुसतं येऊन बसलं तर. तेही धरतात?"

त्याने नियम सतरा मनातल्या मनात पहिल्या शब्दापासून वाचला. रोख असो वा वस्तू. "नाही," तो म्हणाला. "त्याला रकाना नाही." रकाना नव्हता, कारण त्या वेळी सुचलंच नव्हतं. कुणी कुणाकडे नुसतं येऊन बसेल, ही शक्यताच त्याच्या डोक्यात आली नव्हती.

ताई हसायला लागली. तेच जुनं हसणं, टेबलाला हात टेकून. मग पदराने, म्हणजे गळ्यातल्या टॉवेलाने, डोळे पुसून ती काचेच्या आडोशाकडे चालू लागली. मॅनेजर वही घेऊन तिथे आलाच होता. घड्याळात पाचला चार मिनिटं कमी. तो तिच्या मागे गेला, काहीतरी बोलायचं आहे एवढंच त्याला माहीत होतं, काय ते माहीत नव्हतं.

"काय ठरलं मग?" मॅनेजरने विचारलं. "संध्याकाळी घरी बघणार कोण? नंतर रजा मागायला येऊ नका हं."

"भाऊ आहे ना," ताई म्हणाली. "हा काय. सहाला येऊन बसेल."

"विचारलंत का त्यांना?"

ताईने पेनाचं टोपण काढलं. तिने वळून त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ, स्वयंपाकघरातल्या त्या दिव्याखाली तिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं तसं. "त्याला काय विचारायचं?" ती म्हणाली. "तो नाही म्हणणार नाही."

आणि तिने सही केली. त्याचं तोंड उघडं राहिलं. मनगटावर भावोजींची पकड त्याला जाणवली, रोजचे तीन तास दिसले, उद्या, उद्या, उद्या, आणि नाही म्हणायला अजून वेळ आहे असं वाटत असतानाच मॅनेजर वही मिटून निघून गेला. पाचची घंटा झाली. बायका हात पुसू लागल्या. ताईच्या टेबलावर एक चादर अर्धी राहिली होती आणि जोडीदारीण अजून आली नव्हती.

"सोमवारपासून खुर्ची," ताई म्हणाली. "आज ही संपवू. धर ते टोक."

त्याने टोक धरलं. तिने ओढलं, त्यानेही ओढलं, आणि आता कुठल्या बाजूला वळायचं ते आठवेना म्हणून तो तसाच उभा राहिला, तिने सांगायची वाट बघत.